प्रिंटरचा पत्ता काय?

"प्रिंटर बंद आहे, उद्या या."

कॉलेजच्या चार वर्षांत सर्वात जास्त वेळा ऐकलेल्या वाक्यांची स्पर्धा घेतली, तर "मेसमध्ये आज पुन्हा बटाटा" या वाक्यानंतर दुसरा नंबर याचाच लागेल. ऐकायला गंमत वाटते, पण ज्याला स्कॉलरशिपच्या फॉर्मसोबत बोनाफाईड जोडायचं आहे आणि ज्याची शेवटची तारीख आज आहे, त्याला विचारा. महाडीबीटीचं पोर्टल रात्री बारा वाजता बंद होताना "आमच्या कॉलेजचा प्रिंटर बंद होता" ही सबब ऐकून घेत नाही.

मी "कमवा व शिका" योजनेत रोज दोन तास ऑफिसमध्ये बसतो. काम कागदोपत्री फाइलिंगचं, प्रत्यक्षात निम्मा वेळ जातो प्रिंटरपाशी. कॉम्प्युटर ब्रँचचा मुलगा म्हटल्यावर फ्यूज बदलण्यापासून मोबाईलमधले फोटो काढून देण्यापर्यंत सगळं आपल्याला येतं, असा सर्वत्र समज आहेच. तर या दोन वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली. "प्रिंटर बंद आहे" असं ज्या ज्या वेळी म्हटलं जातं, त्यातल्या बहुतेक वेळा प्रिंटर चांगला ठणठणीत चालू असतो. हिरवा दिवा लागलेला असतो, ट्रेमध्ये कागद असतो, टोनर परवाच भरलेला असतो. फक्त तो कुठे राहतो, हे कॉम्प्युटरला माहीत नसतं. भानगड यंत्राची नाही, पत्त्याची आहे.

हा पत्ता एकदा नीट लावून दिला की नेटवर्क प्रिंटर हे अत्यंत गुणी जनावर आहे. कसा लावायचा ते आज सांगतो. ऑफिसमधल्या मंडळींनीही वाचावं, कारण यात मेंदूला ताण देण्यासारखं काही नाही, आणि आम्ही पोरं काय, पास होऊन निघून जाणार.

आधी जुनी पद्धत बघू, कारण ती अजून पुष्कळ ठिकाणी आहे. प्रिंटर एका कॉम्प्युटरला यूएसबी केबलने जोडायचा आणि तो कॉम्प्युटर बाकीच्यांना "शेअर" करायचा. ऑफिसांमधून वर्षानुवर्षं चालणारे एचपीचे "टेन-ट्वेंटी" किंवा कॅननचे "ट्वेंटी-नाइन हंड्रेड" प्रिंटर तुम्ही पाहिले असतील. दोघांनाही फक्त यूएसबीचं भोक आहे, नेटवर्कची केबल लावायला जागाच नाही. म्हणून शेअरिंग. आमच्या ऑफिसात हा मान स्टुडंट सेक्शनच्या भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरला होता. म्हणजे भाऊसाहेब रजेवर, तर कॉम्प्युटर बंद, तर प्रिंटर बंद, तर अकाउंट्सच्या मॅडम, आस्थापना विभाग आणि ओएस साहेब सगळेच बंद. एका माणसाला सर्दी झाली की अख्ख्या ऑफिसला ताप.

त्यात २०२१ साली आणखी भर पडली. विंडोजमधल्या छपाई सेवेत मोठं भगदाड असल्याचं त्या वर्षीच्या जूनअखेरीस उघड झालं. "प्रिंटनाइटमेअर" या नावाने ते प्रकरण गाजलं. ते बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जुलैपासून एकामागोमाग एक अपडेट काढले. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागू लागला, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर कित्येक ऑफिसांत शेअर केलेला प्रिंटर जोडायला गेलं की शेवटी "११बी" असणारा एक लांबलचक एरर येऊ लागला. इंटरनेटवर त्यावर उतारा म्हणून रजिस्ट्रीत एक शून्य घालायला सांगतात. तो चालतो, पण त्याचा अर्थ कुलूप अडकतंय म्हणून दारच काढून ठेवण्यासारखा आहे. त्यापेक्षा ज्या प्रिंटरला स्वतःचं नेटवर्क पोर्ट आहे तो सरळ स्विचला जोडावा आणि मधला कॉम्प्युटर काढून टाकावा.

असं केलं की प्रिंटर कोणाच्या तरी घरी राहणारा पाहुणा राहत नाही, त्याचं स्वतःचं घर होतं. आणि घर म्हटलं की पत्ता आला.

हॉस्टेलवाल्यांना हे समजायला सगळ्यात सोपं जाईल. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पीआरएन नंबर असतो. तो ॲडमिशनला मिळतो आणि डिग्री मिळेपर्यंत बदलत नाही. पण रूम नंबर? तो दर वर्षी रेक्टर सरांच्या मर्जीवर. प्रिंटरचंही तसंच आहे. त्याच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक नंबर कोरलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. बारा अक्षर-आकड्यांचा, त्यातले पहिले सहा कंपनीचे. हा झाला पीआरएन. आणि नेटवर्कवर त्याला मिळतो तो आयपी ॲड्रेस, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०४. ही झाली रूम. (१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरच्या आणि ऑफिसच्या खाजगी वापरासाठी १९९४ सालापासून राखून ठेवलेले आहेत. म्हणून तुमच्या घरी आणि शेजाऱ्याच्या घरी तोच पत्ता असला तरी भांडण होत नाही.)

रूम वाटप करणारा रेक्टर म्हणजे राउटरमधली डीएचसीपी नावाची सेवा. कोणतंही यंत्र चालू झालं की ते ओरडतं, "मला रूम द्या." रेक्टर मोकळी रूम बघून देतो, तीही ठरावीक मुदतीपुरती. मुदत संपायच्या आत यंत्राने नूतनीकरण करून घेतलं तर तीच रूम चालू राहते. लॅपटॉप आणि मोबाईल यांच्यासाठी ही व्यवस्था झकास आहे, कारण त्यांना कोणी पत्र लिहीत नाही, तेच दुसऱ्यांना लिहितात. प्रिंटरचं उलट आहे. प्रिंटर स्वतः कुणाकडे जात नाही, सगळे त्याच्याकडे येतात. ज्याच्याकडे सगळे येतात त्याची रूम बदलली तर काय होणार?

काय होतं ते आम्ही गेल्या पावसाळ्यात पाहिलं. दुपारी वादळ झालं, लाईट गेली, अर्ध्या तासाने आली. राउटर साधा होता. असे पुष्कळ राउटर बंद होऊन चालू झाले की कोणाला कोणती रूम दिली होती ते साफ विसरतात. प्रिंटर तापून तयार व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात कोणाच्या तरी मोबाईलने १०४ नंबर पटकावला आणि प्रिंटरला मिळाला १०९. सहाही कॉम्प्युटर इमानदारीने १०४ वर बोनाफाईड पाठवत राहिले. मोबाईल बिचारा बोनाफाईड छापणार कसा? स्क्रीनवर आलं, "प्रिंटर ऑफलाईन". बाहेर रांगेत पन्नासेक मुलं. त्यात एक जण तालुक्याच्या गावाहून वडिलांना घेऊन आलेला, उत्पन्नाचा दाखला वगैरे सगळी कागदपत्रं पिशवीत घालून. दुरुस्तीवाल्याला फोन झाला, त्याने उद्याचा वायदा केला. पण टोनर हलवून, केबल काढून-घालून, प्रिंटरच्या पाठीवर थापा मारून त्याचा पत्ता बदलत नसतो.

त्यावर उपाय एकच, प्रिंटरला कायमची रूम द्या.

हे दोन तऱ्हांनी करता येतं. पहिली तऱ्हा, प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन पत्ता हाताने भरायचा. नेटवर्क सेटिंगमध्ये "ऑटो" किंवा "डीएचसीपी" असेल तिथे "मॅन्युअल" करायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या. आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क (लहान ऑफिसात बहुतेक २५५.२५५.२५५.०) आणि गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता. इथे एक पथ्य आहे. राउटर जर १०० ते २०० या रूम वाटत असेल, तर प्रिंटरला त्या वाटपाच्या बाहेरचा नंबर द्यावा, समजा ५०. वाटपातलाच नंबर हाताने लिहून ठेवला तर रेक्टरला ते माहीत नसतं. तो एखाद्या दिवशी तीच रूम दुसऱ्याला देतो आणि मग एका कॉटवर दोघे. अशा वेळी प्रिंटर कधी चालतो, कधी चालत नाही. हा आजार पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण बघायला माणूस आला की नेमकं सगळं व्यवस्थित चालतं.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. प्रिंटरला "ऑटो"वरच राहू द्यायचं आणि राउटरमध्ये जाऊन नोंद करायची की अमुक मॅक ॲड्रेसवाला आला की त्याला ५० नंबरच द्यायचा. याला रिझर्व्हेशन म्हणतात. फायदा असा की सगळ्या यंत्रांचा हिशेब एकाच वहीत राहतो. पण राउटरचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो माणूस सापडला पाहिजे, आणि उद्या राउटर बदलला तर ही नोंद नव्याने करायला हवी. आमच्याकडे पासवर्ड एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर निघाला. निघाला हे नशीब.

मॅक ॲड्रेस कुठून आणायचा? प्रिंटरच्या मेनूत "रिपोर्ट्स"मध्ये "कॉन्फिगरेशन पेज" किंवा "नेटवर्क समरी" नावाचा पर्याय असतो. ते पान छापा. प्रिंटरची जन्मपत्रिकाच ती. मॅक, आयपी, मास्क, गेटवे, आतापर्यंत किती पानं छापली, सगळं त्यावर असतं. त्या पानावर आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावं की प्रिंटरने रूम मागितली आणि कोणी उत्तरच दिलं नाही, म्हणून तो व्हरांड्यात पथारी टाकून बसला आहे. तेव्हा ड्रायव्हर वगैरेच्या नादी न लागता आधी मागची केबल आणि स्विचवरचा दिवा बघा. शिपाईमामांनी झाडताना केबल अर्धवट ओढली गेलेली असते, यात त्यांचा दोष नाही, केबल तशी जमिनीवरून न्यायलाच नको.

पत्ता पक्का झाला की कॉम्प्युटरकडे जायच्या आधी दोन परीक्षा घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून "पिंग" आणि पुढे प्रिंटरचा पत्ता लिहा. उत्तर आलं म्हणजे त्या पत्त्यावर कोणी तरी आहे. पण कोण आहे? वरच्या गोष्टीत १०४ वरून मोबाईलसुद्धा पिंगला उत्तर देऊ शकतो. म्हणून दुसरी परीक्षा, ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाका. नेटवर्क प्रिंटरच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो स्वतःचं पान दाखवतो. टोनर किती, कागद आहे की नाही, मॉडेल कोणतं. हे पान दिसलं की तुमचा प्रिंटर आणि तुमचा कॉम्प्युटर यांची ओळख झाली.

एक किस्सा इथेच सांगतो, कारण नेटवर्किंगच्या व्हायव्हाला उपयोगी पडेल. ऑफिसातून सगळ्यांची प्रिंट जात होती, पण लायब्ररीतून जात नव्हती. लायब्ररीचं नेटवर्क वेगळं, त्यांचे पत्ते १९२.१६८.२ ने सुरू होणारे. मध्ये राउटिंग व्यवस्थित, बाकी सगळं दिसत होतं. कारण निघालं एवढंच की प्रिंटरमध्ये गेटवेचा रकाना मोकळा सोडलेला होता. लायब्ररीतून निघालेलं पाकीट प्रिंटरपर्यंत येत होतं, पण उत्तर बाहेरगावी पाठवायचं कोणत्या फाटकातून, हे प्रिंटरला माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलाशी बोलायला गेटवे लागत नाही, म्हणून ऑफिसात कोणाला कधी कळलंच नाही. "जवळून चालतं, लांबून चालत नाही" असं लक्षण दिसलं की पहिला संशय गेटवेवर घ्यावा.

आता विंडोज. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडून "ॲड डिव्हाइस" दाबलं की तो आपण होऊन शोधायला लागतो आणि बऱ्याचदा प्रिंटर सापडतोही. आनंदाने क्लिक करू नका. असा आपोआप सापडलेला प्रिंटर विंडोज पुष्कळदा "डब्ल्यूएसडी" नावाच्या पोर्टवर बसवतं. हे पोर्ट पत्ता लक्षात ठेवत नाही, प्रत्येक वेळी हाका मारून शोधतं, आणि हाक ऐकू गेली नाही की "ऑफलाईन". घरी ठीक आहे, ऑफिसात नको. थोडं थांबा, खाली "ॲड मॅन्युअली" अशी ओळ येते (विंडोज १० मध्ये "मला हवा तो प्रिंटर यादीत नाही" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं), ती निवडा. पुढच्या खिडकीत आयपी ॲड्रेसने जोडायचा पर्याय असतो. प्रकार "टीसीपी/आयपी डिव्हाइस", पत्ता आपला ५० वाला. मग ड्रायव्हर. तो कंपनीच्या साईटवरून नेमक्या मॉडेलचा उतरवून आधीच ठेवलेला बरा. मॉडेल जवळपासचं चालेल असं समजून भलताच ड्रायव्हर टाकला तर काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. कॉम्प्युटर एका भाषेत बोलतो, प्रिंटर दुसऱ्या. प्रिंटरला वाटतं हा साधा मजकूरच आहे, आणि तो पानामागून पान, प्रत्येक पानावर एक-दोन ओळी अगम्य चिन्हं, असं ट्रे रिकामा होईपर्यंत छापत सुटतो.

ड्रायव्हर बसला की टेस्ट पेज काढायचं आणि मोकळं व्हायचं, असं सगळे करतात. तीन गोष्टी राहतात, आणि पुढच्या महिन्यातल्या निम्म्या तक्रारी त्याच तिघींच्या असतात.

पहिली, कागदाचा आकार. ड्रायव्हर अनेकदा अमेरिकन "लेटर" धरून बसलेला असतो, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्या ट्रेत ए-फोर, २१० बाय २९७. प्रिंटर "लेटर घाला" म्हणत थांबतो आणि आपण म्हणतो प्रिंटर अडकला. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये डिफॉल्ट ए-फोर करून टाका. लीगल कागद वापरणाऱ्यांनी तो दुसऱ्या ट्रेत ठेवावा, दर वेळी बदलाबदली करू नये.

दुसरी, डिफॉल्ट प्रिंटर. २०१५ च्या शेवटापासून विंडोज १० मध्ये, आणि पुढे ११ मध्येही, एक सोय आहे की तुम्ही शेवटी जो वापराल तोच डिफॉल्ट होतो. एकाच प्रिंटरच्या ऑफिसात काही बिघडत नाही. पण मॅडमनी एखादी फाइल पीडीएफ म्हणून सेव्ह केली की पुढची प्रिंट कागदावर येण्याऐवजी "फाइल कुठे ठेवू?" असं विचारत बसते. "लेट विंडोज मॅनेज" अशी सुरुवात असलेलं ते बटण बंद करून आपला प्रिंटर हाताने डिफॉल्ट करा.

तिसरी जरा आतली. पोर्टच्या सेटिंगमध्ये "एसएनएमपी स्टेटस" नावाची खूण असते. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची तब्येत विचारत राहतं. काही प्रिंटर या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, आणि मग छपाई होऊ शकत असतानाही विंडोज त्याला ऑफलाईन ठरवून मोकळं होतं. पिंग होतंय, ब्राउझरमध्ये पान दिसतंय, तरीही ऑफलाईन, अशी स्थिती असेल तर ती खूण काढून बघा.

सहा कॉम्प्युटरला हे सगळं प्रत्येकी दहा मिनिटांचं काम आहे, एका दुपारचं. पन्नास असते तर मध्ये एक सर्व्हर ठेवून तिथून वाटप केलं असतं, सहासाठी तो उपद्व्याप कशाला?

इथे ऑफिसच्या मंडळींना हात जोडून एक विनंती. प्रिंट दिली आणि कागद आला नाही, तर पुन्हा प्रिंट देऊ नका. तुम्ही बटण दाबता तेव्हा काम थेट प्रिंटरकडे जात नाही. विंडोजमध्ये स्पूलर नावाचा कारकून आहे, तो आवक रजिस्टरला नोंद करून गठ्ठ्यावर ठेवतो आणि सवडीने पुढे पाठवतो. प्रिंटर सापडत नसला तरी गठ्ठा वाढतच असतो. मग कधी तरी पत्ता लागतो आणि एकाच मुलीची चौदा बोनाफाईड बाहेर येतात, चौदाही सहीसाठी ओएस साहेबांच्या टेबलावर. गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं काम बिघडलेलं असेल तर मागचं काहीच हलत नाही, आणि ते "डिलीट" केलं तरी "डिलीटिंग" म्हणत तिथेच बसतं. तेव्हा सर्व्हिसेसमध्ये जाऊन "प्रिंट स्पूलर" थांबवायचा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात "प्रिंटर्स" नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करायचं (फोल्डर नाही, आतल्या फाइली), आणि स्पूलर पुन्हा चालू करायचा. रांग मोकळी. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून हे नेहमी साधत नाही, कारण गठ्ठा डिस्कवर असतो.

आणखी एक, जिथे प्रिंटरवर हकनाक आळ येतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला दाखला दुसऱ्या टेबलावर उघडून छापला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. त्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही, एवढंच. युनिकोडमध्ये टाइप करा किंवा फाँटसकट पीडीएफ करून पाठवा.

आता जे लिहायचं आहे ते हॉस्टेलच्या वायफायवर रात्री जागणाऱ्यांनी दुर्लक्ष केलं तर बरं, आणि स्टाफने मात्र नीट वाचावं.

प्रिंटर काम कसं स्वीकारतो? बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर कान लावून बसलेले असतात. त्या दारावर जे येईल ते छापायचं, हा नियम. कोण आलं, कुठून आलं, पासवर्ड काय, काही विचारत नाही. ही पद्धत एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांनी रूढ केली, तेव्हा ऑफिसचं नेटवर्क म्हणजे ऑफिसची माणसं असंच होतं. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस एका हॅकरने इंटरनेटवर उघडी असलेली हीच दारं शोधून हजारो अनोळखी प्रिंटरवर एका यूट्यूबरची जाहिरात छापून दाखवली. लोकांना कळेना आपला प्रिंटर एकाएकी काय बडबडतोय. ती थट्टा होती. पण ज्या दारातून थट्टा आत येते, त्याच दारातून आणखीही काही येऊ शकतं.

म्हणून ऑफिसचा प्रिंटर आणि हॉस्टेलचं वायफाय एका नेटवर्कवर असू नये. स्विचमध्ये व्हीलॅन करून दोघांच्या वाटा वेगळ्या करता येतात. प्रिंटरच्या त्या ब्राउझरमधल्या पानालाही पासवर्ड असतो आणि तो बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच असतो, किंवा कोराच. तो बदलावा, नाहीतर एवढ्या मेहनतीने दिलेला पत्ता कोणीही खोलीतून लोळत लोळत बदलू शकतो. आणि परीक्षा विभागाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रश्नपत्रिका छापणारा प्रिंटर नेटवर्कवर नकोच. ज्या जुन्या यूएसबी प्रिंटरला मी वर नावं ठेवली, त्याला तिथे बसवा, नेटवर्क नसलेल्या एका कॉम्प्युटरला जोडून. त्याचा दोष तिथे गुण होतो. मोठ्या झेरॉक्स-कम-प्रिंटर यंत्रांत तर पुष्कळदा हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या कामांची प्रत तिच्यात राहू शकते. यंत्र भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देताना ती पुसून द्यावी, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

लिनक्स लॅबवाल्यांचं काम सोपं आहे. तिथे १९९९ पासून "कप्स" नावाची व्यवस्था आहे, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि ६३१ नंबरचं पोर्ट टाकलं की सगळं दिसतं. पत्ता मात्र तिथेही तोच द्यायचा. आणि लिनक्सचं नाव निघालं म्हणून सांगतो, या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही एक नेटवर्क प्रिंटरच आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. लोक बसायचे एकीकडे, प्रिंटर दुसरीकडे, आणि कागद अडकला की तिथे जाईपर्यंत कोणाला पत्ता नाही. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमनने स्वतः बदल करून "कागद अडकला आहे" असा निरोप सर्वांच्या स्क्रीनवर यायची सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण "देणार नाही असं लिहून दिलं आहे" म्हणून त्याने नकार दिला. स्टॉलमनला हे एवढं लागलं की तो किस्सा तो पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. पेपर जॅमवर चिडून आपण प्रिंटरला लाथ मारतो, तो बघा काय करून बसला.

शेवटी खरेदी समितीतल्या सरांसाठी. कोटेशन मागवताना "लेझर प्रिंटर" एवढंच लिहिलं की सर्वात स्वस्त मॉडेल येतं, आणि सर्वात स्वस्त मॉडेलला बहुतेक वेळा नेटवर्कचं पोर्ट नसतं. केबलचं पोर्ट हवं असं स्पष्ट लिहावं, नुसत्या वायफायवर ऑफिसचा प्रिंटर ठेवू नये. शिवाय "आयपीपी" आणि "एअरप्रिंट" किंवा "मोप्रिया" चालतं का, हेही बघावं. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर केलं आहे की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोजमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार आणि त्याऐवजी एकच सामाईक आयपीपी ड्रायव्हर पुढे आणणार. जो प्रिंटर ही सामाईक भाषा बोलतो त्याला पुढच्या दहा वर्षांत ड्रायव्हरची सीडी शोधत फिरावं लागणार नाही.

आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरच्या झाकणावर आता एक पांढरी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर मॉडेल, मॅक ॲड्रेस, १९२.१६८.१.५० आणि गेटवे एवढंच लिहिलं आहे, वर सेलोटेप. लायब्ररीसाठी नवीन प्रिंटर यायचा आहे म्हणे. लायब्ररीच्या नेटवर्कवर त्याच्यासाठीही ५० नंबर राखून ठेवला आहे, तेवढा कोणी घेऊ नका.